जिभेवरचं नागरिकत्व

ब्रिटनमध्ये स्थलांतरावर वाद सुरू झाला की तो हमखास जेवणाच्या टेबलावर येऊन पोचतो. एक जण म्हणतो, आमच्या गावची पेठ आता ओळखू येत नाही. जिथे खाटीक होता, बेकरी होती, तिथे कबाबवाला, पोलिश किराणा आणि तुर्की न्हावी. दुसरा लगेच सुनावतो, हे लोक आले नसते तर अजून उकडलेला कोबी खात बसला असतास. टाळी मिळते आणि विषय तिथेच संपतो.

पहिल्याचं म्हणणं मला पटत नाही, पण त्याच्याशी वाद तरी घालता येतो. दुसऱ्याच्या उत्तराने मी जास्त अस्वस्थ होतो, कारण तो माझ्याच बाजूचा आहे आणि त्याचं उत्तर फसवं आहे. परक्या माणसाला देशात जागा का द्यायची, तर तो चांगलंचुंगलं खायला घालतो म्हणून! हे ऐकायला उदार वाटतं. पण मग ज्याला फोडणीही घालता येत नाही, जो रात्रपाळीला गोदामात खोकी रचतो किंवा वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची आंघोळ-पांघरूण बघतो, त्याचं काय? आणि ज्याचं हॉटेल उद्या बंद पडेल, त्याचं?

पदार्थ आवडला म्हणून माणूस आपला झाला, असं ब्रिटनच्या इतिहासात फारसं घडलेलं दिसत नाही. या वादात नेहमी पुढे केला जाणारा फिश अँड चिप्सचा दाखलाच घ्या. पिठात घोळवून तळलेला मासा स्पेन-पोर्तुगालमधून परागंदा झालेल्या ज्यूंबरोबर इंग्लंडात आला. त्याला तळलेल्या बटाट्याची जोड देणारं पहिलं दुकान १८६० च्या सुमारास पूर्व लंडनमध्ये जोसेफ मॅलिन या ज्यू माणसाने काढलं असं साधारण मानतात. (लँकशायरवाल्यांना हे मान्य नाही, त्यांचा दावेदार वेगळा आहे.) विसावं शतक उजाडेपर्यंत तो कामकरी वर्गाचा रोजचा घास झाला होता. आणि नेमक्या त्याच काळात, १९०५ मध्ये, पार्लमेंटने एलियन्स ॲक्ट संमत केला. बाहेरून येणाऱ्यांना बंदरावर अडवणारा ब्रिटनचा हा पहिला आधुनिक कायदा, आणि त्याचा मुख्य रोख होता रशियन साम्राज्यातल्या छळाला कंटाळून पळून येणाऱ्या ज्यूंवर. मासा देशाचा झाला, मासेवाल्याच्या जातभाईंना मात्र दार बंद.

इटालियनांचं तर याहून वाईट झालं. स्कॉटलंड आणि वेल्समधल्या गावोगावी इटालियन कुटुंबांची आइस्क्रीमची आणि कॉफीची दुकानं होती. तिथल्या दोन-तीन पिढ्यांचं लहानपण त्या काउंटरपाशी गेलेलं. १० जून १९४० ला मुसोलिनीने युद्ध पुकारलं आणि त्याच रात्री अनेक शहरांत त्याच दुकानांच्या काचा फुटल्या. पुरुषांना उचलून स्थानबद्ध केलं. त्यांतल्या काहींना कॅनडाकडे नेणारं ‘अरांडोरा स्टार’ हे जहाज २ जुलैला जर्मन पाणबुडीने बुडवलं आणि चारशेहून जास्त इटालियन बुडून मेले. आदल्या आठवड्यापर्यंत आइस्क्रीम सगळ्यांना गोडच लागत होतं.

पुढची उदाहरणं भराभर सांगतो. करी ब्रिटनच्या अंगवळणी पडत होती त्याच काळात, ४ मे १९७८ ला, पूर्व लंडनमध्ये आल्ताब अली या तरुण बंगाली कामगाराचा वंशद्वेषातून खून झाला. तो कपड्यांच्या कारखान्यात काम करायचा. ऑगस्ट २०२४ च्या दंगलीत बेलफास्टमध्ये एका सीरियन माणसाचं किराणा दुकान जाळलं गेलं. त्या दुकानातला जिन्नस कुणाला आवडत नव्हता म्हणून ते जळलं नाही.

करी हाऊसपाशी मात्र जरा थांबायला हवं. ब्रिटनमधली बरीचशी ‘इंडियन’ रेस्टॉरंटं भारतीयांची नाहीतच, ती बांगलादेशातल्या सिल्हेटहून गेलेल्या लोकांची आहेत. ब्रिटिश जहाजांच्या भट्टीपाशी कोळसा ओढणारे सिल्हेटी खलाशी बंदर लागलं की पसार व्हायचे आणि लंडनमध्ये कुणाच्या तरी ओळखीने भांडी घासायला लागायचे. महायुद्धानंतर बॉम्बहल्ल्यात मोडकळीला आलेली फिश अँड चिप्सची दुकानं, साधे कॅफे स्वस्तात मिळत होते, ते त्यांनी घेतले. जुनं गिऱ्हाईक तुटू नये म्हणून चिप्स तसेच ठेवले आणि शेजारी भात-रस्सा मांडला. पब रात्री बंद झाले की झिंगलेल्या माणसांना भूक लागायची, म्हणून यांनी दार उशिरापर्यंत उघडं ठेवलं. त्यात धंदा झाला. शिव्या खाणं आणि बिल न देता पळणाऱ्यांच्या मागे धावणं हेही त्यातच आलं.

या स्वयंपाकघरात डोकावलं की घरच्या जेवणाचा आणि याचा काही संबंध नाही हे लगेच कळतं. दुपारी मोठ्या पातेल्यात किलोकिलोने कांदा, आलं-लसूण, हळद आणि सढळ तेल तासन्‌तास उकळत असतं. मग ते सगळं वाटून गुळगुळीत पिवळसर रस्सा करतात. त्याला तिथे बेस ग्रेव्ही म्हणतात. संध्याकाळी ऑर्डर आली की पॅनमध्ये तेल, चमचाभर तयार मसाला, टोमॅटोची प्युरी, वर दोन डाव बेस ग्रेव्ही आणि आधीच शिजवून ठेवलेली कोंबडी. नारळाची पूड आणि क्रीम पडलं की कोर्मा. तिखट वाढलं की मद्रास, आणखी वाढलं की विंदालू. पाच-सात मिनिटांत डिश बाहेर. मद्रासच्या माणसाने तो मद्रास कधी पाहिलेला नसतो आणि गोव्याच्या विंदालूतलं व्हिनेगर-लसणीत मुरवलेलं मांस त्या विंदालूत शोधून सापडत नाही. रात्री दार लावून, खुर्च्या टेबलांवर पालथ्या घालून झाल्यावर सिल्हेटी आचारी स्वतः जेवायला बसायचा तेव्हा त्याच्या ताटात सातकोरा हे कडसर लिंबू घालून केलेला रस्सा किंवा शुटकी, म्हणजे सुका मासा असायचा. मेनूकार्डावर तो बराच काळ आला नाही.

म्हणून ‘त्यांनी आपली संस्कृती ब्रिटनला चाखायला दिली’ असलं कौतुक मला पोकळ वाटतं. त्यांनी धंदा केला, आणि अफाट कष्टाने केला. चांगल्या नोकऱ्या मिळत नव्हत्या, पुढे गिरण्या आणि फाउंड्रीही बंद पडत गेल्या. जो दरवाजा उघडा होता त्यातून ते आत शिरले. पेठेत कुठली जमात काय विकते हे तिच्या रक्तातल्या पाककलेवरून ठरत नाही. तिथे पोचली तेव्हा कुठला गाळा परवडला, कुठलं काम स्थानिकांना नको होतं आणि कायद्याने काय करू दिलं, यावरून ते ठरतं. युगांडातून गेलेल्या गुजरात्यांकडे कोपऱ्यावरची दुकानं गेली त्यातही घरचं सगळं माणूसबळ पहाटेपासून रात्रीपर्यंत काउंटरवर उभं राहायला तयार होतं, हाच मोठा भाग होता.

आता आजच्या तक्रारीकडे येऊ. हाय स्ट्रीट म्हणजे तिथल्या गावाची मुख्य पेठ. ‘त्यांनी येऊन आमची हाय स्ट्रीट बिघडवली’ या वाक्यात घटनांचा क्रमच उलटा झालेला आहे. वूलवर्थ्सची आठशेच्या वर दुकानं २००९ च्या जानेवारीपर्यंत बंद झाली, ती कुठल्या कुर्द न्हाव्याने बंद पाडली नाहीत. मग अशाच दुकानसाखळ्यांपैकी २०१६ मध्ये बीएचएस गेलं, २०२१ मध्ये डेबनहॅम्स, २०२३ मध्ये विल्को. आज ब्रिटनमधल्या किरकोळ खरेदीतला चौथा हिस्सा, किंबहुना थोडा जास्तच, ऑनलाइन होतो. ज्या वस्तू खोक्यात घालून घरपोच येतात त्यांची दुकानं उठली. उरलं काय, तर जे खोक्यात घालता येत नाही ते: केस कापणं, नखं रंगवणं, गरम गरम खाणं. या कामांना फार भांडवल लागत नाही, इंग्रजी मोडकं असलं तरी भागतं, आणि रिकाम्या गाळ्याच्या मालकाला भाडेकरू हवाच असतो. नवा आलेला माणूस तिथे शिरतो तेव्हा तो गाळा बहुतेक वेळा आधीच धूळ खात पडलेला असतो. लोकांना मात्र लक्षात राहते ती फक्त नवी पाटी.

यात काळंबेरं अजिबात नाही असंही नाही. मार्च २०२५ मध्ये नॅशनल क्राइम एजन्सीने पोलिसांच्या मदतीने इंग्लंड-वेल्समध्ये केशकर्तनालयं आणि रोखीवर चालणारी इतर दुकानं मिळून २६५ ठिकाणी छापे घातले, ३५ जणांना अटक केली. काळा पैसा धुऊन घेण्यासाठी रिकामी खुर्ची आणि भरलेला गल्ला दाखवणारी दुकानं आहेत, आणि त्यांच्या शेजारी सचोटीने कात्री चालवणाऱ्याचंच त्यात सगळ्यात जास्त नुकसान होतं. उदारमतवाद्यांनी या विषयावर तोंड मिटून बसणं मला घातक वाटतं. छापे घालाच, पण मग ज्या मालकाने भाडेकरू कोण हे न विचारता चाव्या दिल्या, आणि ज्या व्यवस्थेत कुणाच्याही नावाने चुटकीसरशी कंपनी नोंदवता येत होती, तिलाही धरा. छाप्यानंतरच्या चर्चेत हे दोघे सहसा नसतात.

लिंकनशायरमधल्या बॉस्टनबद्दल बोलताना मला जपून बोलावंसं वाटतं. २००४ मध्ये पोलंड, लिथुएनिया, लाटव्हिया वगैरे देश युरोपीय संघात आले आणि त्या गावच्या कोबी-फ्लॉवरच्या शेतांवर, भाज्या बांधायच्या शेडमध्ये तिकडची हजारो माणसं कामाला आली. वेस्ट स्ट्रीटवर त्यांची दुकानं उभी राहिली: सॉसेज, राईचा काळा पाव, बरणीतलं आंबवलेलं कोबीचं लोणचं. २०१६ च्या सार्वमतात बॉस्टनमध्ये ७५.६ टक्के मतं युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने पडली, देशात सर्वाधिक. या सगळ्यांना वंशद्वेष्टे म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण सत्तरीतली बाई ज्या रस्त्यावर पन्नास वर्षं बाजार करत आली, तिथे तिला एकाएकी पाट्या वाचता येईनाशा होतात, रांगेत कुणाशी दोन शब्द बोलता येत नाहीत, तेव्हा तिचं काहीतरी खरंच जातं. लोणचं चविष्ट आहे हे त्यावरचं उत्तर नव्हे.

मग उत्तर काय? माझ्या मते ते त्या शेडमध्ये आहे. सुपरमार्केटला कोबी पेनींच्या भावात हवा, म्हणून शेतमालकाला स्वस्त आणि आज हवा उद्या नको असा मजूर हवा, म्हणून एजन्सीमार्फत माणसं आली आणि एकेका घरात दाटीवाटीने राहिली. दवाखाना, शाळा, घरं यांची सोय त्या प्रमाणात वाढली नाही. स्वस्त कोबीचा फायदा सबंध देशाला झाला आणि त्याची किंमत एका गावाने मोजली. या हिशेबाबद्दल लंडनमधल्या दोन्ही मोठ्या राजकीय पक्षांनी वेळेवर तोंड उघडलं असतं तर पाटी कुठल्या भाषेत आहे यावर एवढा राग साठला नसता असं मला वाटतं. निश्चित कोण सांगणार.

इंग्लंडमधल्या लेस्टर शहराची गोष्ट याच्या उलट म्हणून सांगितली जाते. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं. लेस्टर नगरपालिकेने तेव्हा ‘युगांडा आर्गस’ या वर्तमानपत्रात चक्क जाहिरात दिली: तुमच्या आणि तुमच्या कुटुंबाच्या हितासाठी लेस्टरला येऊ नका. लोक आले. बेलग्रेव्ह रोडवर साड्यांची, सोन्याची, मिठाईची दुकानं लागली, त्या पट्ट्याला गोल्डन माईल नाव पडलं आणि आज तिथली दिवाळी शहराच्या पर्यटनाच्या माहितीपत्रकात असते. गोष्ट खरी आहे, छानही आहे. पण ती अशी सांगितली की जणू जाहिरात देणारे चुकले ते पेढे-जिलेबीचा अंदाज न आल्यामुळे. ते लोक पुढे एकही दुकान काढू शकले नसते तरी ती जाहिरात तितकीच लाजिरवाणी ठरली असती. याच लेस्टरमध्ये १९७४ साली इम्पीरियल टाइपरायटर्सच्या कारखान्यात आशियाई कामगारांनी, ज्यांत बाया मोठ्या संख्येने होत्या, पगारातल्या आणि बोनसमधल्या भेदभावाविरुद्ध संप केला. त्यांच्या स्वतःच्या युनियनने त्यांना साथ दिली नाही. त्या संपाचा उल्लेख अशा माहितीपत्रकांत सहसा नसतो. संपाला चव नसते.

जिभेचं प्रेम किती टिकतं ते राज्यकर्त्यांनी अलीकडेच दाखवलं. २००१ मध्ये परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी चिकन टिक्का मसाला हा ब्रिटनचा खरा राष्ट्रीय पदार्थ असल्याचं भाषणात सांगितलं. २०१६ मध्ये ब्रेक्झिटवाल्यांनी ‘आपली करी हाऊस वाचवा’ अशी मोहीमच काढली. तेव्हाच्या मंत्री प्रीती पटेल त्यात पुढे होत्या. युरोपातल्या मजुरांना मोकळं रान आणि आपल्या आचाऱ्यांना व्हिसा नाही, हा अन्याय संपेल असा सूर होता, आणि धंद्यातल्या बऱ्याच लोकांनी त्यावर विश्वास ठेवला. एप्रिल २०२४ मध्ये कुशल कामगाराच्या व्हिसासाठी वर्षाच्या पगाराची किमान अट २६,२०० पौंडांवरून ३८,७०० पौंडांवर गेली. जुलै २०२५ पासून पदवीच्या पातळीचं कौशल्य सक्तीचं झालं आणि नव्याने येऊ पाहणारे आचारी यादीतून बाहेरच फेकले गेले. राष्ट्रीय पदार्थ करणारा माणूस कुशल नाही, असं आता कायदा म्हणतो.

पूर्व लंडनमधल्या ब्रिक लेन या बंगाली वस्तीतल्या रस्त्यावर २००० च्या दशकाच्या मध्यात साठेक करी रेस्टॉरंटं होती, ती २०२० मध्ये २३ उरली. याबद्दल गळे काढणाऱ्यांनाही एक विचारावंसं वाटतं. त्या मालकांच्या मुलांनी रात्री दीडपर्यंत तंदूरपाशी उभं राहायला नकार दिला, कुणी फार्मसिस्ट झालं, कुणी अकाउंटंट. हे वाईट झालं का? बापाने वीस-पंचवीस वर्षं कांदा उकळला तो याचसाठी ना. रेस्टॉरंट बंद पडलं म्हणजे जमात हरली असं समजणं हीसुद्धा तिला स्वयंपाकघरातच कोंडून ठेवण्याची तऱ्हा आहे.

काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. ब्रिक लेनच्या कोपऱ्यावरची एक इमारत पर्यटकांना हटकून दाखवतात: १७४३ मध्ये फ्रान्समधून पळून आलेल्या प्रोटेस्टंटांचं चर्च, पुढे ज्यूंचं सिनेगॉग, १९७६ पासून मशीद. हे बदल होऊ शकले कारण तो भाग सदैव गरिबांना परवडणारा होता. एक गरीब जमात जरा वर आली की उपनगरात सरकायची आणि जागा पुढच्या गरीब जमातीला मिळायची. आता बंगाली बाहेर पडतात तेव्हा त्यांच्या जागी पुढची गरीब जमात येत नाही. पलीकडे लंडनचा पैशाचा बाजार आहे, त्याच्या ऑफिसांमुळे भाडी कुठल्या कुठे गेलीत, आणि येतो तो महागड्या कॉफीचा आणि जुन्या कपड्यांच्या दुकानांचा धंदा. अडीचशे-तीनशे वर्षं चालत आलेली रांग वाढत्या भाड्यांनी तोडली, आणि परक्यांनी पेठ बदलली म्हणून ओरडणाऱ्यांना हा बदल मात्र दिसत नाही, कारण त्याची पाटी इंग्रजीत असते.

आपल्या मराठी वर्तुळात लंडनमधल्या हाउन्स्लोच्या श्रीकृष्ण वडापावची गोष्ट कौतुकाने फिरत असते: मुंबईचे दोन कॉलेजमित्र, मंदीत गेलेली नोकरी, २०१० मध्ये केलेली सुरुवात आणि मग शाखा. मलाही ती आवडते. पण ती सांगताना आपण एक तपशील घाईने ओलांडतो. त्यांना पहिली जागा मिळाली ती एका पोलिश आइस्क्रीम कॅफेच्या कोपऱ्यात. म्हणजे ज्या पोलिश दुकानांवरून बॉस्टनमध्ये एवढं रामायण झालं, तशाच एका दुकानाने आपल्या वड्याला तिथे ओटा दिला. आपण छाती फुगवून ‘मराठी माणसाने लंडनला वडापाव खायला लावला’ असं म्हणतो तेव्हा आपणही तेच जिभेवरचं नागरिकत्व मागत असतो, आणि ते ज्यांना मिळणार नाही त्यांच्यापासून हळूच अंतर राखत असतो.

डिसेंबर २०२४ पासून इंग्लंडमधल्या स्थानिक कौन्सिलना एक नवा अधिकार मिळालाय. गेल्या दोन वर्षांत मिळून एक वर्षाहून जास्त काळ रिकामा राहिलेला गाळा, मालक तयार नसला तरी, एक ते पाच वर्षांच्या भाडेकराराने लिलावात काढता येतो. एखाद्या खाद्यमहोत्सवापेक्षा मला ही रुक्ष तरतूद शंभर पटीने महत्त्वाची वाटते. तिच्यात खोट एवढीच, की बोली लावायला हाताशी पैसा लागतो, नव्याने आलेल्याला बँक उभं करत नाही, आणि लिलावाची नोटीस कौन्सिलच्या वेबसाइटच्या तळाशी किचकट इंग्रजीत पडून राहिली तर ती ज्याने वाचायला हवी तोच वाचणार नाही. कौन्सिलने त्यासाठी छोटं कर्ज आणि समजावून सांगणारा माणूस, दोन्ही द्यावं. अर्जावर जन्मदेश विचारू नये. आणि बॉस्टनमधला असा एखादा गाळा तिथल्याच जुन्या रहिवाशी बाईने घेऊन लोकर आणि विणायच्या सुयांचं दुकान थाटलं, तर या योजनेचं चीज झालं असंच मी म्हणेन.